मोरीकडचा पाय

फोन आला तेव्हा मी नुकताच जेवायला बसलो होतो. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, "भाऊ, मी सदानंद मेस्त्रींच्या घरसून बोलतंय. ते गेले... आज चार दिवस झाले." काय झालं होतं, किती दिवस आजारी होते, असलं काहीबाही मी विचारत राहिलो. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तुमची आठवण काडीत होते." मी ताट बाजूला सारलं. सदानंद मेस्त्री गेले त्याला आता सात आठवडे झाले. शारजात आणि दुबईत नव्वदच्या दशकात राहिलेल्या मराठी मंडळींना ते आठवत असतील. पण जसे आठवतात तसे ते नव्हते, आणि त्याला कारण मी आहे. हा लेख त्यासाठी.

सदानंद कणकवलीजवळच्या एका वाडीतला सुतार. मी त्या वेळी शारजातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मॅनेजर होतो आणि त्याला व्हिसा मीच मिळवून दिला होता. वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. माणूस बुटका, कानामागे चपटी पेन्सिल, आणि बोलणं अस्सल मालवणी. साइटवरच्या पठाणांशी आणि मल्याळ्यांशीसुद्धा तो हिंदीची दोन पावलं टाकून तिसऱ्याला मालवणीत उतरायचा, आणि त्यांनाही ते कळायचं. लाकूड जोडताना खिळा शक्यतो मारायचा नाही. "भाऊ, वजन खिळ्यार नको, लाकडार बसूक व्हया," हे त्याचं नेहमीचं. मी इंजिनियर, मी हसायचो. तोही हसायचा आणि आपल्याला हवं तसंच करायचा.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. अल मजाजला, खालिद लगूनच्या समोर बापट म्हणून एक गृहस्थ राहायचे. खाद्यपदार्थांच्या आयातीचा मोठा धंदा, आमच्या कंपनीला त्यांच्याकडून बरंच काम यायचं. त्यांना घरात मोठं अ‍ॅक्वेरियम हवं होतं. साधीसुधी काचेची पेटी नव्हे, आठ फूट लांब, आणि त्यासाठी स्वतंत्र खोली. हॉलला लागून कपडे धुण्याची एक रिकामी खोली होती, तीच आम्ही घेतली. काम सदानंदकडे दिलं. ती खोली त्यानं कशी केली हे सांगायला हवं, कारण पुढच्या गोंधळात ते सगळे विसरून गेले. दमट हवा कोंडू नये म्हणून वरच्या बाजूला पंखा बसवला. दार काढून चौकट रुंद केली, का तर टाकी आत येताना कुणाला ती तिरपी करावी लागू नये. विजेचं बटण पाण्याच्या पातळीच्या वर घेतलं आणि वायर बटणापाशी येण्याआधी खाली लोंबती ठेवली. "वायरीक पोट सोडूचा, भाऊ. पाणी घरंगळत इला तर पोटातसून खाली गळतला, बटणात जावचा नाय." हे त्याला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही.

खरा प्रश्न जमिनीचा होता. धुण्याची खोली, त्यामुळे लादीला मोरीकडे उतार. डोळ्याला दिसायचा नाही, पण होता. सदानंदनं पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे त्याची पाणसळ, लादीवर धरली आणि टाकीखालच्या स्टँडच्या पुढच्या-मागच्या पायांच्या जागेत अर्ध्या इंचाचा फरक दाखवला. टाकी भरली की टनाच्या वर वजन. ते काचेच्या एकाच कोपऱ्यावर आलं की संपलं. मी म्हटलं, लादी उखडून सपाट करू. तो म्हणाला, इमारत भाड्याची, मालक उखडू द्यायचा नाही, आणि गरजही नाही. त्यानं स्टँडचे सहा पाय केले, मोरीच्या बाजूचे तीन अर्धा इंच जास्त उंच, भिंतीच्या बाजूचे तीन आखूड. स्टँड जागेवर ठेवला आणि वर नळी धरली. पाणी दोन्हीकडे सारखं. मग खाली वाकून उंच पायांवर आतल्या अंगाला पेन्सिलीनं ठळक लिहिलं... मोरी, मोरी, मोरी. "उद्या कोणी हलवलो तर कळाक व्हया. पाण्याक फसवूक जमणा नाय." आता आठ दिवस नुसतं पाणी भरून ठेवायचं, काच काय म्हणते ते पाहायचं, आणि मगच मासे, असं त्यानं बापटांना बजावलं. पण टाकी यायला अवकाश होता, आणि दुबईतल्या मुहैस्नाच्या कामगार कॅम्पात त्याच्या गावचा एक जण तापानं पडला होता. तो चार दिवस तिकडे गेला.

त्याच चार दिवसांत बापटांच्या आई पुण्याहून आल्या. दसरा तोंडावर होता. त्यांनी खोली पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, नैर्ऋत्येला कुणी पाणी ठेवतं का? ईशान्येला ठेवा. आणि दसऱ्यालाच भरा." बापटांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी तेव्हा म्हणायला हवं होतं की मेस्त्री येऊ दे. मी म्हणालो, "काही प्रॉब्लेम नाही, समोरच्या भिंतीला लावू." चार माणसं बोलावली आणि "यल्ला, घुमाओ!" म्हणून स्टँड फिरवून समोरच्या भिंतीला लावला. फिरवल्याबरोबर मोरीसाठी केलेले उंच पाय उंच जमिनीवर आले आणि आखूड पाय मोरीकडच्या उतारावर. अर्ध्याचा एक इंच झाला. मला ते दिसलं. मी आखूड पायांखाली प्लायवूडच्या पाचरी सारल्या, खिशातली छोटी लेव्हल पुढच्या कडेवर ठेवली, बुडबुडा मधोमध आला आणि मी खूश झालो. पुढून मागे आडवी धरून मी तपासलंच नाही. सदानंदची नळी समोर खिळ्याला टांगलेली होती, ती काढायला दोन मिनिटं लागली असती. दसऱ्याला घाईनं मागवलेली टाकी आली, पूजा झाली, पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत मासेही आत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापटांचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा हॉलमधला गालिचा तरंगत होता आणि खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी गळत होतं. टाकीचा तळ आडवा तडकला होता. मागच्या पाचरी पाण्यानं फुगून दबल्या होत्या. बापटांची नऊ वर्षांची मुलगी हातात बादली घेऊन उभी होती. मला पाहून म्हणाली, "अंकल, दे आर ऑल डेड."

माणसं हॉल पुसत होती. खोलीत मी एकटा होतो... आणि इथं मी ते केलं. पाचरी काढून खिशात घातल्या. तिथंच राहिलेल्या सदानंदच्या हत्यारांच्या पेटीतला पॉलिशपेपर घेतला आणि पायांवरचे ते तीन शब्द, पाय मुद्दाम उंच-आखूड केल्याचा तेवढाच पुरावा, घासून काढले. बापटांचं काम गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती, मुलाची फी, घराचं भाडं, असं मी नंतर स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी यातला एकही विचार केला नव्हता. फक्त हात चालला.

सदानंद तासाभरात आला. बापट संतापले होते. "हे बघा तुमचं काम! भिंत बदलली म्हणून काय झालं, एका बाजूचे पाय इंचभर खाली, डोळ्याला दिसतंय!" सदानंदनं स्टँड कुठल्या भिंतीला आहे ते पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "सायबानू, ह्यो फिरवलेलो असा. पायांर लिवलेला असा माजा," आणि दाखवायला खाली वाकला. लिहिलेलं तिथं नव्हतं. त्यानं त्या जागेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली. तो वाकलेल्या जागेवरून वर, माझ्याकडे पाहत राहिला. मग उठला, अंगठा पँटीला पुसला आणि म्हणाला, "नाय सायबानू... माजाच खंयतरी चुकला आसतला."

त्यानंतर आमच्या मंडळींत ती एक थट्टाच होऊन बसली. गणपतीच्या जेवणाला कुणीतरी हमखास म्हणायचं, "खुर्ची सदानं केलेली नाही ना? मग बसतो." सगळे हसायचे. समोर ताटं वाढत सदानंदही हसायचा. मीही हसायचो. हळूहळू त्याच्याकडे घरांची नवी कामं येईनाशी झाली, दाराच्या बिजागऱ्या आणि कपाटांची कुलुपं तेवढी उरली. माझ्याकडे मात्र तो पूर्वीसारखाच यायचा, दिवाळीचा फराळ घ्यायचा. त्या दिवसाबद्दल तो एकदाही बोलला नाही, आणि बोलण्याची माझी छाती झाली नाही. दोन हजार दोन साली तो कायमचा परत निघाला तेव्हा मी एअरपोर्टवर सोडायला गेलो होतो. गाडीत सांगायचं असं ठरवून गेलो होतो. गाडीत आम्ही पावसाबद्दल बोललो. उतरताना तो म्हणाला, "एकदा घराक येवा, भाऊ." मी म्हटलं, इन्शाल्ला.

परवाच्या त्या फोननंतर, त्याचं दिवसकार्य उरकल्यावर, मी त्याच्या घरी गेलो. साधं घर, पण एकेक दार असं बसवलेलं की बोट लावलं तरी आवाज न करता मिटावं. फोन केला होता त्या वहिनींनी, म्हणजे सदानंदच्या बायकोनं, चहा दिला. मी कप हातात घेऊन सगळं सांगून टाकलं, पाचरी, पॉलिशपेपर, सगळं. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "माका कित्याक सांगतात, भाऊ? जे हसले, तेंका सांगा." माझ्या हातात कप तसाच राहिला होता. तो त्यांनी घेतला आणि "हात धुवूक येवा" म्हणून मला मागच्या पडवीत नेलं.

मोरीच्या कडेला पाण्याचे हंडे ठेवायला लाकडी स्टँड होता. लांबीनं निम्मा केलेला, पण लाकूड मी ओळखलं. बापटांनी टाकून दिलेला तो स्टँड त्यानं जपून ठेवला होता आणि परत येताना त्याच्या फळ्यांची सामानाची पेटी करून पाय आत घालून आणले होते, असं वहिनी म्हणाल्या. आता सहाच्या जागी चार पाय होते. मोरीकडचे दोन उंच, मागचे दोन आखूड, शारजात सदानंदनं केले होते तसेच. "पाय कापूक काय झाला असता? पण नाय. पाय ठेवल्यानी तसेच, आनी जमीन घातल्यानी त्या मापान."

मी खाली वाकलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, पण वाकलो. उंच पायांच्या आतल्या अंगाला, जिथं लाकूड घासून किंचित खोलगट झालं होतं, तिथं चपट्या पेन्सिलीनं पुन्हा लिहिलेलं होतं... मोरी, मोरी. वरून वार्निश मारलेलं. आता ते पुसता येणार नव्हतं.

वर तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला होता. पाणी चहूबाजूंनी काठाला सारखं टेकलं होतं.