मास्क बसेना

मी मुळात उतावळा माणूस. बायको मला आरंभशूर म्हणते, आणि ते खोटं नाही. हार्मोनियम आणली, ती तीन महिन्यांत माळ्यावर गेली. फ्रेंचच्या वर्गाला नाव घातलं, चौथ्या धड्याला सोडलं. त्यामुळे लक्षद्वीपला जाऊन पाण्याखाली श्वास घ्यायला शिकणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणी मान वर केली नाही. पण रजा मंजूर झाली, तिकिटं हातात आली आणि मला स्वस्थ बसवेना. हेही अर्धवट सोडलं असतं तर मीच मला माफ केलं नसतं.

शिकवणाऱ्यांचं पत्र आलं: हवेची टाकी आणि तिची नळी आम्ही देऊ, मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स आपापल्या मापाचे आणा. आता बडोद्यात कुठलं हे? नव्याने आलेल्या केबलवर समुद्राच्या तळचे मासे घरबसल्या दिसायला लागले होते, दुकानांत परदेशी चॉकलेटं आली होती, पण मास्क? फतेगंजात खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे गेलो. दुकानदारकाकांनी चष्म्यावरून बघितलं. "अरे साहेब, वडोदरामां दरियो क्यां छे?" समुद्र इथे नाही, हे मलाही ठाऊक होतं! तरी भला माणूस. त्यांनी मुंबईहून तीन मास्क, दोन स्नॉर्केल आणि फिन्सचे दोन जोड मागवले. ते यायला पाच दिवस लागले आणि पाचही दिवस मी कारखान्याच्या बसमधून उतरून तडक दुकानात. शेवटी शेवटी काका मला रस्त्यातच बघून "नथी आव्युं" म्हणून नकारार्थी हात हलवायचे.

माल आला. पायात घालायचे फिन्स लगेच जमले. टाच घट्ट, बोटं मोकळी. दुकानातच बदकासारखं चालून दाखवलं. स्नॉर्केल म्हणजे श्वासाची नळी, तिचं तोंडात धरायचं रबर हिरड्यांना टोचत नाही ना, एवढंच बघायचं. खरी मेख मास्कमध्ये. पट्टा न लावता तो डोळ्यां-नाकावर ठेवायचा, नाकाने हवा आत ओढायची आणि हात सोडायचे. पडला नाही तर तो तुमचा, असं पत्रातच लिहिलं होतं. काळ्या रबराचा ठेवला, पडला. पारदर्शक सिलिकॉनचा ठेवला, तोही पडला. तिसरा जरा अरुंद होता. पडला. बायको सोबत आली होती, तिने लावला. चिकटला! काकांनी लावला. चिकटला! काका मास्क लावून, दोन्ही हात पसरून गल्ल्यामागे उभे, आणि माझं डोकं फिरलेलं.

"अहो, मिशी," बायको म्हणाली.

मास्कची खालची कड नाकाखाली, वरच्या ओठावर टेकते. नेमकी तिथे माझी झुबकेदार मिशी. केसांतून हवा जाणार, म्हणजे पाणीही येणार. तरी हट्टाने सिलिकॉनचा घेतला, मिशीला बोटभर व्हॅसलिन चोपडलं आणि तरणतलावात डोकं घातलं. दहा आकडे मोजायच्या आत नाकात पाणी. ठसका लागून वर आलो. समुद्राच्या पोटात असं झालं तर?

परका माणूस म्हणेल, काढून टाक की. पण आमच्या नागरवाड्यात मिशी अशी काढत नाहीत. आई किंवा वडील गेले की मुलाने मिशी उतरवायची. डोकं हल्ली फारसं कोणी भादरत नाही, पण मिशी गेलेला माणूस दिसला की सगळे समजून जातात. आणि माझे वडील दोन महिन्यांपूर्वीच हृदयाच्या झटक्यातून उठून घरी आले होते. जिना चढताना अजून मध्ये दोनदा थांबायचे. ते धडधडीत समोर असताना मी मिशीला वस्तरा लावू? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगतो. पण त्या आठवड्यात कळलं की आहे, चांगला आहे. वडिलांना विचारायची तर छातीच नव्हती. काय विचारणार, "बाबा, तुम्ही गेल्यासारखा दिसू का?"

तीन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या. जाणं रद्द करतो, असं बायकोला दोनदा सांगितलं. "बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रविवारी सकाळी तसाच उठलो, न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "काढ." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग हात लांबवून रेडिओ बंद केला.

तेव्हाच खुलासा करायला हवा होता. पण ओठाला वारा लागत होता, लाज वाटत होती, म्हणून तोंडावर रुमाल धरून झपाझप घरी निघालो. रुमालामुळे रडतोय असंच दिसलं असणार.

तासाभरात कडी वाजली. समोरच्या घरातल्या काकू, पांढरी साडी, डोक्यावर पदर. मागे त्यांचे यजमान, खांद्यावर पंचा. मी उठेपर्यंत दार वडिलांनी उघडलं होतं.

काकू किंचाळल्याच. यजमान पंचा पाठीमागे लपवू लागले. वडिलांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं, मग वळून मला बघितलं, आणि त्यांना सगळं उमगलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"या, या," ते म्हणाले. "आलाच आहात तर चहा घ्या. आज मलाही तुमच्याबरोबर घेता येईल." काकू हसायचं की रडायचं ते न कळून पदराने डोळे पुसत बसल्या.

ती दोघं गेल्यावर मी भडाभडा बोललो. मास्क, मिशी, व्हॅसलिन, नाकातलं पाणी, सगळं. "चुकलंच माझं, बाबा. मी जात नाही."

"इकडे ये," ते म्हणाले. "उजेडात बस."

मी त्यांच्या पुढ्यात बसलो. त्यांनी हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिले. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. मिशी फुटायची होती. पुढे फुटली, ती मी कधी काढलीच नाही.

"वरचा ओठ हुबेहूब तिचा आहे," ते म्हणाले. "मी गेल्यावर काढली असतीस, तर मला कसा दिसला असता?"

त्यांनी हनुवटी सोडली नव्हती.

"जा तू लक्षद्वीपला. पण आल्यावर लगेच वाढवू नकोस."