दुखवट्याचा रंग

मार्चात मास्तरणीला वसंत बिसंत काही दिसत नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला पळस फुलला असेल, शेजारच्या आंब्याला मोहोर आला असेल, येऊ दे बापडा. मला नुसती झोप हवी होती. दिवाळीनंतर नवरा गेला, तेव्हापासून मी धड झोपलेच नव्हते. भेटायला येणाऱ्यांचे चहा, कचेऱ्यांतल्या खेपा, शाळा, पेपर, सासूबाईंच्या गोळ्या. माणसानं थकायचं तरी किती.

होळीला आमची गल्ली मोजक्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटवते आणि बाकीच्या स्मशानभूमीला देते. गेल्या वर्षी त्या पोचवायला नवराच टेम्पोत बसून गेला होता. पुढं तसल्याच शेणी त्याच्या कामी आल्या. यंदा मंडळाची पोरं आमचं दार टाळून पुढं गेली. लाजली बिचारी. मीच हाक मारून शेणी दिल्या, आणि मग बराच वेळ जिन्यात बसून राहिले.

रंगपंचमी म्हणजे तर त्याचाच सण. सकाळी गल्लीत पाण्याचा बॅरल मांडायचा, मला भाकरीच्या पिठासकट ओढून बाहेर काढायचा, आणि दुपारी सगळी वरात पंचगंगेवर पोहायला. मी घाटाच्या पायरीवर बसून ओरडायची, लांब जाऊ नका. ऐकतंय कोण.

घरात माणूस गेलं की पहिल्या रंगपंचमीला भावकीनं येऊन घरच्यांना रंग लावायचा, मगच त्या घरानं सण धरायचा, अशी आमच्याकडची रीत. तोवर शेजारीही दारासमोर पिचकारी उडवत नाहीत. नेसरीहून धाकटे दीर आणि जाऊबाई येणार होत्या. मला रंग लावतील का, हे मी कुणाला विचारलं नाही. विधवा बाईनं असलं विचारायचं नसतं म्हणे. पण खरं सांगते, मला तो हवा होता. हौस म्हणून नव्हे. चार महिने जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलत होता, जपून, फुटकी बरणी धरल्यागत. त्याचा मला वीट आला होता. मी मेले नव्हते, आणि हे कुणीतरी चारचौघांत कबूल करायला हवं होतं.

दोघं सकाळच्या एसटीनं आली. दिरांनी देवापुढचं गुलाबी रंग भरलेलं ताट उचललं. दाराच्या चौकटीला रंगाचं बोट लावलं, नवऱ्याच्या फोटोला लावलं, कॉलेजातून सुट्टीला आलेल्या माझ्या लेकीच्या गालाला लावलं. गल्ली दारात गोळा झाली होती. मग ते माझ्यासमोर आले. मी मान जराशी पुढं केली.

"वैनी, च्या टाका की," ते म्हणाले आणि ताट टेबलावर ठेवलं. "सुटला दुखवटा घराचा."

घराचा सुटला, माझा नाही. जाऊबाईंना कळलं होतं, पण त्या पदर सारखा करत राहिल्या. लेक काहीतरी बोलणार होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं. भांडायचं तर अंगात ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. मी आत जाऊन आधण ठेवलं. राग आला होता, आणि त्याहून जास्त, मान पुढं केल्याची लाज वाटत होती.

कप भरून झाले तेव्हा सासूबाई भिंतीला धरत आत आल्या. त्यांची एक मूठ मिटलेली. मला वाटलं, गोळी विसरल्या असतील.

"मला बी न्हाय लावला कुणी," त्या म्हणाल्या. "सासरा गेल्याला तुझा किती वर्सं झाली? मी गप बसलो. तू बसू नगंस."

आणि मूठ उघडून दोन्ही गालांना, कपाळाला, हनुवटीला रंग फासला. शेंबड्या पोराचं तोंड पुसावं तसा, खसाखसा. डोळ्यांतसुद्धा गेला.

"जा आता. ह्याच तोंडानं च्या घिऊन जा भाईर."

मी थाळा उचलला आणि बाहेर नेला. दिरांनी खाली बघत कप उचलला. मला तेव्हा रडू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि दोन्ही हातांत थाळा होता म्हणून ते कुणापासून लपवता आलं नाही.