आपकाइच समझो

पहिली गोष्ट खटकली ती ही, की किंमत ठरायच्या आधीच मिर्झासाहेबांनी कॅमेरा पेटीत भरायला घेतला.

तुम्ही म्हणाल, यात खटकण्यासारखं काय? अहो, मी पुण्याची! आमच्याकडे दुकानदार पैसे घेतल्यावरसुद्धा वस्तू क्षणभर घट्ट धरून ठेवतो, न जाणो गिऱ्हाईक खरंच घेऊन गेलं तर! आणि इथे हा भला माणूस मखमलीत लेन्स गुंडाळतोय, पट्टे आवळतोय, आणि पैशाचं नावच काढत नाहीये. त्याच वेळी मी तोंड उघडलं असतं तर पुढची शोभा टळली असती. पण मग आज तुम्हाला चहाबरोबर नुसती बिस्किटंच मिळाली असती.

हैदराबादला येऊन मला जेमतेम काही महिने झाले होते. हिमायतनगरच्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायचे. बाजार नुकताच खुला झाला होता. रोज नवा साबण, रोज नवं कोल्ड्रिंक, आणि प्रत्येकाला जाहिरात हवी! माझा जीव मात्र फोटोत. बॉसच्या मागे लागून लागून मी साड्यांच्या कॅटलॉगचं काम मागितलं, तर ते म्हणाले, "काढ की. पण मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा आण. तुझ्या त्या डबड्यात पैठणी आणि पायपुसणं सारखंच दिसतं."

मोठ्या निगेटिव्हचा, म्हणजे मीडियम फॉरमॅट. नवा घ्यायचा तर माझ्या लग्नाचे, बारशाचे आणि साठीशांतीचे पैसे एकदम लागले असते. म्हणून जुना शोधत शोधत मलकपेठेत मिर्झासाहेबांच्या स्टुडिओत पोचले. खाली स्टुडिओ, वर घर. कोपऱ्याकोपऱ्यावर कलर लॅब निघाल्यामुळे त्यांनी धंदा आवरायला घेतला होता.

"अब लोगां एक घंटे में फोटो मांगते, बेटी," ते म्हणाले. "एक घंटे में तो हम दुल्हन का दुपट्टा ठीक करते थे!"

कॅमेरा काय सांगू! काळाभोर, चौकोनी, सोबत दोन लेन्स, फिल्म भरायच्या दोन सुट्या डब्या आणि चामड्याची पेटी. तो पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत वाकून बघावं तसं, काचेत बघायचं. मी बघितलं. मिर्झासाहेब डावीकडे सरकले, तर काचेत ते उजवीकडे पळाले. मी किंचाळले.

"घबराओ नक्को. आईना है अंदर. दुनिया थोड़ी उलटी दिखती, दो दिन में आदत हो जाती."

मग मी बटण दाबलं. आतून असा धाडकन आवाज आला की मी उडालेच! कॅमेरा मिर्झासाहेबांनी वरच्यावर झेलला. कुठलाही शहाणा माणूस त्या क्षणी म्हणाला असता, बाई, तू घड्याळसुद्धा घेऊ नकोस. पण ते नुसते हसले आणि म्हणाले, "इसकू भी आपकी आदत हो जाती."

मी पाकीट काढलं. त्यांनी ते मागे सारलं. मी पुढे केलं. त्यांनी पुन्हा मागे सारलं, वर हातात पान ठेवलं.

"पैसे कहां भागे जारे? आपकाइच समझो! रोल डाल के दिया मैं. ले जाओ, चलाओ, दिल कू भाया तो बात करेंगे. और कल इतवार है, सुबू घर आओ. पूरा खानदान जमा रैता. छत पो सबका फोटो निकालो, खाना खाओ. वोइच ट्रायल."

मी हो हो म्हटलं, आदाब की नमस्कार ते न ठरल्यामुळे दोन्ही अर्धे अर्धे केले, आणि पेटी छातीशी कवटाळून रिक्षात बसले. काय सांगू, त्या रिक्षात मी जगातली सगळ्यात सुखी मुलगी होते!

हे सुख शकुंतलाकाकूंच्या उंबऱ्यापर्यंत टिकलं.

शकुंतलाकाकू माझ्या घरमालकीण. चार पिढ्या हैदराबादेत. देवाशी मराठीत बोलायच्या, फुलवालीशी तेलुगूत आणि बाकी जगाशी दखनीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं माय! पैसे न देता घेऊन आली?"

"ते म्हणाले ना, आपकाइच समझो."

"हौ, म्हणतातच तसं! ती इथली तहजीब आहे, येडे! त्यांनी नक्को म्हणायचं, तू तीनदा द्यायचं, चौथ्यांदा त्यांनी लाजत लाजत घ्यायचं. तू कितीदा दिलेस?"

"दोनदा."

"दोनदा!" काकू खुर्चीत बसल्याच. "त्या म्हाताऱ्याचा जन्माचा कॅमेरा दोनदात उचलून आणला! अजून काय म्हणाले ते?"

"रोल घालून दिलाय म्हणाले."

"तहजीब."

"पसंत पडला तर बोलू म्हणाले."

"तहजीबच."

"उद्या सकाळी घरी या, फोटो काढा, जेवा..."

"खबरदार गेलीस तर!" काकू कडाडल्या. "कॅमेरा तर कॅमेरा, वर खरंच जेवायला पण आली म्हणतील! तू सकाळी फोन कर. माफी माग. पैसे कधी आणून देऊ विचार. बास."

मिर्झासाहेबांकडे माझा नंबर होता तो ऑफिसचा. म्हणजे सोमवारी ते तिथे फोन करणार, बॉस उचलणार, आणि मिर्झासाहेब विचारणार, "जनाब, हमारा कॅमेरा लेके गई वो लड़की आपके यहां कामकू है क्या?" कॅटलॉग गेला, नोकरी गेली, पुण्याला आईच्या कानावर गेलं... जेवणसुद्धा गेलं नाही हो मला!

रविवारी उठल्याउठल्या समोरच्या पीसीओत गेले. काकूंच्या फोनच्या डायलला कुलूप होतं आणि किल्ली काका गावाला घेऊन गेले होते. पेटी बरोबर होतीच. दुसऱ्याची वस्तू, खोलीत ठेवायची तरी कशी?

पेटीवर चिकटवलेला स्टुडिओचा नंबर फिरवला. घंटी वाजते, वाजते, वाजतच राहते. कोणी उचलेना.

"लिफ्ट नै कर रहे, मॅडम," पीसीओवाले यादगिरी म्हणाले.

थोड्या वेळाने परत गेले. तेच. मग परत. तेच.

"लव मॅटर?" यादगिरींनी सहानुभूतीने विचारलं.

"कॅमेरा मॅटर!" मी ओरडले.

घरभर माणसं असताना फोन कोणीच का उचलत नाही? उत्तर मला स्वच्छ दिसत होतं. सगळं खानदान पोलीस ठाण्यात गेलंय. म्हातारे पुढे, बाकीचे मागे, आणि हवालदार लिहून घेतोय : मुलगी, चष्मा, आवाज झाला की उडते.

आणि नेमका तेव्हाच एक पोलीस पीसीओत शिरला!

बिचाऱ्याला सासुरवाडीला फोन करायचा होता. पण मला बघून तो थबकला. कारण खाकी दिसताच मी पेटी स्टुलाखाली सरकवली आणि वर ओढणी टाकली.

"क्या है उसमें?"

आता साधं उत्तर काय होतं? कॅमेरा. तीन अक्षरं. पण माझ्या तोंडून काय निघावं?

"मेरा नहीं है!"

यादगिरींनी डोळे मिटून घेतले.

"आपका नै तो किसका है?"

"मिर्झासाहेब का. पर वो बोले मेराइच समझो. पर वैसा बोलते हैं, देते नहीं. मतलब, देते हैं, पर लेना नहीं होता. मैंने लिया. दो ही बार ना बोला ना!"

पोलिसाने यादगिरींकडे बघितलं. यादगिरींनी "सुबू से ऐसाइच चल रा" अशा अर्थाने मान हलवली. बाहेर फोनच्या रांगेतल्या दोन बायका आत डोकवायला लागल्या.

"पेटी खोलो."

खोलली. काळ्या मखमलीत ते काळंभोर यंत्र बघून त्याच्या भुवया वर गेल्या. माझ्या रबरी चपलांकडे बघून आणखी वर गेल्या.

"फोन लगाओ इनके मिर्झासाहब कू," तो यादगिरींना म्हणाला. "मैं सुनता. उनो हौ बोले तो लेके जाओ. नै बोले तो पेटी मेरे साथ, तुम बी मेरे साथ."

यादगिरींनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. घंटी. घंटी. मी मनातल्या मनात पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं. घंटी. पोलिसाने कान रिसीव्हरला लावला, त्याच्या मिशा माझ्या गालाला टोचायला लागल्या, मी हलायचीसुद्धा हिंमत केली नाही. घंटी. रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "शिकलेली दिसते पोरगी, अन बघा!"

आणि खट्ट!

फोन उचलला गेला. एका लहान मुलीचा धापा टाकणारा आवाज : "कौन?" मी "वो... कॅमेरा..." म्हणते तोच, "दादाजान! नीचे आओ! फोटोवाली आपा का फोन!"

मागे जिन्यावरून उतरणारी पावलं, भांडी, कोणाचं तरी रडणारं बाळ, वरून चाळीसेक माणसांचा कलकलाट. आणि मग मिर्झासाहेब, दमलेले, पण तहजीब तसूभरही न सोडलेले :

"बेटी, खैरियत तो है ना? दादीजान से लेके छोटे मुन्ने तक सब लोगां छत पो लाइन से बैठे हैं. खाना ठंडा होरा, शेरवानियां पसीने में भीग गए, वो कुछ नै... पन कॅमेरा तुमारे पास है, बेटी, और हम लोगां सुबू से मुस्कुरा रहे!"