भासऱ्याच्या पुढे

आमच्याकडे बाईमाणूस धावताना दिसलं की लोक आधी गोठ्याकडे बघत. बैल सुटला असेल, नाही तर तणसाच्या ढिगाला आग लागली असेल. बाई स्वतःसाठी धावते हे कोणाच्या डोक्यात शिरणारच नाही. मी धावले तेव्हाही दोन म्हाताऱ्या भरल्या घागरी घेऊन माझ्या मागे निघाल्या होत्या. खोटं नाही सांगत. पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं की आग नाही, दौड आहे, तेव्हा त्या वैतागून परत गेल्या.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. माझं माहेर डोंगरातलं, दरेकसाचं, आणि सासर घाटाखालच्या एका गावात, जे धड खेडं नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. माहेरी असताना पहाटे मोहफुलं वेचायची आणि टोपली डोक्यावर घेऊन घाट उतरायचा, बाजार करून पुन्हा चढायचा. तेव्हा पायांचं कौतुक कोणाला? पाय असतातच.

सासरी धानाची शेती होती. सासरे नव्हते, म्हणून घरात भासऱ्याचा शब्द चालायचा. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोने त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या पुढून चालायचं नाही. वाटेत गाठ पडली तर वाट सोडायची आणि पाठ फिरवून उभं राहायचं. नुसता पदर लागला तरी दोघांनीही डोक्यावरून आंघोळ करायची. तो अंगणात येताना दारातूनच खाकरायचा, आणि आम्ही बायका हातातलं टाकून आत पळायचो. मला काही सांगायचं झालं तर तेही सासूबाईंच्या तोंडून. मी दाराआड हातभर अंतरावर बसलेली, आणि तो आईला म्हणायचा, "तिले म्हणा, वरनात मीठ जास्त झालं." मग सासूबाई माझ्याकडे वळून, "वरनात मीठ जास्त झालं व." जशी मी बहिरीच! आज मी त्याला 'तो' म्हणते आहे, हे सासूबाईंनी ऐकलं असतं तर कपाळ बडवून घेतलं असतं.

माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली. अंग ताठलं, जबडा मिटला, दूध ओढेना. सुईणीने नाळ धान कापायच्या विळ्याने कापली होती, तेव्हा सगळ्यांची तशीच कापत. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं, चुकून झालं, कोणाचाच दोष नाही. पुढे गावच्या सरकारी दवाखान्यात एक नर्सबाई आल्या. त्यांनी मला विचारून विचारून सगळं काढून घेतलं आणि म्हणाल्या, पातं पाण्यात उकळून घेतलं असतं तर पोर वाचलं असतं. उकळलेलं पाणी! ज्या घरात रोज भाताचं आधण चढतं, त्या घरात माझं लेकरू उकळलेल्या पाण्यावाचून मेलं. मी रडले नाही. मला राग आला, आणि तो राग मी अजून सोडलेला नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "डोंगरातल्या गावांना जायला मला चालणारी बाई पाहिजे. गोंदियाला सुईणीचं शिकवतात. तू जाशील?" मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मग घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा भला माणूस, पण भावासमोर मूग गिळून बसणारा. "दादाले इचारा लागन," एवढंच म्हणाला.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात. त्या वर्षी विकासाच्या ऑफिसातल्या साहेबाला माणसंही धाववायची हौस आली. बाजाराच्या मैदानातून निघायचं, धानाच्या बांध्यांमधून नाला ओलांडायचा, घाट चढायचा आणि दरेकसाच्या स्टेशनासमोर थांबायचं. भोंगा लावलेली बैलगाडी गावोगाव फिरली, "जो चाहे सो दौड़े." भासऱ्याने पहिल्याच दिवशी नाव दिलं. जवानीत तो पटातल्या बैलांच्या बरोबरीने धावायचा, आणि हे तो कोणाला विसरू द्यायचा नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना नवऱ्याने धीर करून माझा विषय काढला. भासऱ्याने तांब्या खाली ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि हसत हसत म्हणाला, "तिले म्हणा, शिकाले जायचं असन तर दौडीत माह्या पुढे निघून दाखव. निघाली तर खुशाल जाय. माहा शब्द हाये."

ओसरीवर बसलेले सगळे खदखदून हसले. गंमत कळली ना तुम्हाला? भासऱ्याच्या पुढे जायचंच नाही असा दंडक, आणि पुढे निघालीस तर जा अशी अट. नाही म्हणायचं पापही डोक्यावर नको आणि हो म्हणायचा प्रश्नच नको. दुसऱ्या दिवशी हाच विनोद त्याने पानठेल्यावर सांगितला. गावभर झाला.

पण त्या संध्याकाळी हसणं विरायच्या आत मी दाराआडून म्हटलं, "त्याईले म्हणा, मी येऊन राहिली."

सासूबाईंनी तो निरोप पुढे पोचवला नाही. पोचवायची गरजही नव्हती.

त्यानंतर दौडीपर्यंत सासूबाईंचं तोंड थांबलं नाही. "लाज सोडली काय व? लोकं तोंडात शेन घालतीन!"

"घालू द्या," मी म्हटलं, "गोठ्यात पुष्कळ पडलं आहे."

दौडीच्या दिवशी लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि मैदानात जाऊन उभी राहिले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब चष्मा पुसत आला. "ये औरत लाइन में क्यों खड़ी है?" नर्सबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आप ही ने कहा था, जो चाहे सो दौड़े. ये चाहती है." साहेबाने इकडे तिकडे बघितलं आणि शिट्टी फुंकली. भासरा सगळ्यांत पुढे होता. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. त्याला खात्रीच होती.

पहिला टप्पा सपाट होता आणि तिथे माझे हाल झाले, ते कबूल करते. कापलेल्या धानाचे खुंट अनवाणी पायांना टोचत होते, बरगडीखाली कळ आली. गोंदियाहून आलेली, पांढरे कापडी बूट घातलेली कॉलेजची पोरं भुर्रकन पुढे गेली. एक जण जाताना ओरडला, "भौजी, घर पे चूल्हा जल रहा है!" मी म्हटलं, जळू दे मेल्या, तुझं तोंडही जळू दे. श्वास वाया गेला, पण बरं वाटलं.

नाल्यापलीकडे घाट लागला आणि रंग पालटला. सपाटीवर उड्या मारणारी पोरं पहिल्याच वळणावर कमरेवर हात ठेवून उभी. घाटात उडी मारायची नसते. पाऊल लहान टाकायचं, नजर पायापुरती ठेवायची, वर किती राहिलं ते बघायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, टोपलीने शिकवलं होतं. चुलीची आठवण करून देणारा तो पोरगा दगडावर बसून बूट काढत होता. मी थांबले नाही, नुसती बघून हसले.

आणि मग बांबूच्या बेटातली वाट आली. एका माणसापुरती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी बांबू. पुढे भासरा. दमला होता, पण चालला होता आपला पहिलवानासारखा. माझ्या तोरड्यांचा आवाज त्याने ओळखला असणार, कारण त्याची पाठ ताठ झाली. त्याने वेग वाढवला नाही. वाटेच्या मधोमध आला आणि सावकाश चालू लागला. हिची काय टाप, असंच ना?

खरं सांगते, मी अडले. पाय मोकळे होते, पण मन अडलं. इतक्या वर्षांची सवय. धक्का लागला तर? वळणावर वर लोक उभे होते, सगळे बघत होते. मला माझ्या पोरीचं मिटलेलं तोंड दिसलं. चमचा घालून उघडायला गेले होते ते तोंड.

मी जोरात खाकरले.

अगदी तो अंगणात येताना खाकरायचा तशी. आणि बाप्पा! तो उडी मारून बांबूत शिरला. विचार करून नव्हे, धसक्याने. माझा पदर लागू नये म्हणून अंग चोरून, पाठ फिरवून, तोंड झाडाकडे करून उभा राहिला. मी त्याच्या पाठीमागून सरळ निघून गेले.

वर उभ्या असलेल्यांमधून हसण्याचा एकच कल्लोळ उठला. मग मात्र त्याच्या लक्षात आलं. तो मागून धावत आला, पण आता पुढे जायचं तर मला धक्का द्यावा लागणार, आणि धक्का तर लावता येत नाही! मग तो खाकरायला लागला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. खाकर म्हटलं, हवं तेवढं खाकर. मी आज बहिरी आहे. वाट संपेपर्यंत मी त्याला वाट दिली नाही.

वर मोकळं रान लागलं. तिथे अडवायला बांबू नव्हता आणि दंडकही नव्हता. तो सगळा जीव एकवटून आला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पण ती माझ्या माहेरची जमीन होती, तिथला दगड न् दगड माझ्या पायाखालचा. मी धावले. डोक्यावरचा पदर मागे उडाला, तो मी सावरला नाही. स्टेशनासमोर पोचले तेव्हा माझ्या आधी डोंगरातली तीन पोरं आलेली होती. चौथी मी. भासरा माझ्यानंतर आला आणि कोणाकडे न बघता हापशीवर तोंड धुवायला गेला.

बक्षीस मला नव्हतंच. बाईला काय द्यायचं ते साहेबाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर सगळं घर बसलं. भासरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. आदल्या दिवसापासून जेवला नव्हता. सासूबाईंनी माझा हात धरून मला दारात आणलं. त्यांनी मध्यस्थी केली होती, बिचाऱ्यांनी.

"तो शब्द मोडत नाई," त्या हळूच म्हणाल्या. "तू फक्त दुरून पाया पड आन म्हन, चुकून झालं. बस, येवढंच. मग जा गोंद्याले."

नवरा माझ्याकडे बघत होता. म्हण ना, असं त्याचे डोळे म्हणत होते. एक शब्द. तेवढ्यावर सगळं मिळत होतं. कोणाचं काय जाणार होतं? पण माझी पोर पुरून आले तेव्हाही याच ओसरीवर बसून सगळे हेच म्हणाले होते. चुकून झालं. कोणाचाच दोष नाही, चुकून झालं. आता तोच शब्द मी माझ्या पायांसाठी वापरू?

मी हात सोडवून घेतला. पदर मागे सारला. भासऱ्याला हाक काय मारायची तेही मला ठाऊक नव्हतं, कधी मारलीच नव्हती. म्हणून तशीच बोलले, सरळ त्याच्या पाठीला.

"चुकून नाही झालं. मी जाणून पुढे गेली. पुन्हा धावाले लावलं तर पुन्हा जाईन. शब्द पाळायचा तर पाळा, मोडायचा तर मोडा. मी जाऊन राहिली."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा उठून उभा राहिला, पहिल्यांदाच भावासमोर न विचारता उठला, आणि माझ्या शेजारी येऊन थांबला.

भासरा भिंतीकडे बघतच बोलला. "तिले म्हणा, गोंद्याची गाडी सकारी असते."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी ऐकलं."