ओलांडून गेलेली तुकडी

आमचा लढाईचा हॉल म्हणजे चार भिंतींवर चार पडदे, रबरी बंदुका आणि कोपऱ्यात माझं कॉम्प्युटरचं टेबल. आठ-आठ सैनिकांची तुकडी यायची, पडद्यावरच्या गल्लीत लढायची, मशीन गुण द्यायचं. यातून सैनिक खरंच काही शिकतात का, हे ठरवायचं काम काकांचं. निवृत्त सैनिक, एका पायाने लंगडे. काकू गेलेल्या, मुलगी परदेशात. घर त्यांना खायला उठायचं, म्हणून माझ्याही आधी हॉलवर हजर. म्हणायचे, "इथे निदान माणसांचा आवाज तरी असतो गं."

अहवालावर त्यांची सही तेवढी राहिली होती. पास म्हटलं तर हॉल चालू, काकांची खुर्चीही शाबूत. नापास म्हटलं की कुलूप.

"करून टाका की सही," मी म्हटलं. "गुण तर वाढतच चाललेत."

"तेच तर खुपतंय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सराव ऐन रंगात आला आणि हे गृहस्थ उठले, तुकडीच्या मध्ये शिरले, "मला गोळी लागली!" म्हणून ओरडले आणि सरळ आडवे झाले. आणि तुकडीने काय करावं? त्यांना ओलांडून पुढे गेली! वर मशीनने तुकडीला आजवरचे सगळ्यात जास्त गुण दिले.

दिवे लागल्यावर मी अशी उखडले म्हणता! तुकडीप्रमुख बिचारा गोंधळला. "अहो ताई, पडलेल्यासाठी थांबलं की वेळ जातो, गुण कापतात. आणि खेळ पुन्हा सुरू केला की तो उठतोच ना."

काका अजून जमिनीवरच. मी हात दिला.

"मी खरोखर पडलो होतो," ते पाय सावरत म्हणाले, "तेव्हा दोघं मागे फिरले होते. एक तिथेच राहिला."

मग टेबलाशी बसून त्यांनी अहवालावर 'नापास' लिहिलं आणि सही केली. महिन्याभरात हॉलला कुलूप लागलं.

परवा त्यांच्या घरी गेले होते. जिन्यातच रेडिओचा आवाज कानावर आला.

"एवढा मोठ्याने?" मी विचारलं.

"ऐकतोय कोण! नुसता चालू असतो."

त्यांनी तो बंद केला. मी थोडा वेळ बसले, निघाले. काका थांब म्हणाले नाहीत, दारात उभे राहिले. मी फाटकापर्यंत पोचले आणि वर रेडिओ पुन्हा सुरू झाला. मला काही राहवेना. तशीच मागे फिरले.