भाऊजींच्या इतिहासात आमचं गाव

माझे भाऊजी शेषराव यांनी आमच्या भागाचा इतिहास लिहिला, त्यात एक्केचाळीस गावं घेतली. साखरखेर्डा त्यांचं स्वतःचं, त्याला बत्तीस पानं. ज्या गावात आता तीन दगड आणि एक बाभूळ उरली आहे, त्यालाही अर्धं पान मिळालं. आमच्या आडपिंपळीला, नऊशे माणसांच्या नांदत्या गावाला, एक ओळही नाही. साखरखेर्ड्याहून निघाल्यावर 'वाटेत एक ओढा लागतो' असं भाऊजी लिहितात. त्या ओढ्याच्या काठावर आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. ओढा इतिहासात गेला आणि आम्ही काठावरच राहिलो.

माणूस विसराळू असता तर मी तोंड उघडलं नसतं. पण शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी सोळा वर्षं सायकलवर हा भाग पालथा घातला होता. गावात शिरले की आधी पाणी मागायचे, मग कागद. कुणाची सनद, कुणाच्या बांधाचं भांडण, कुणाच्या देवळाची हकिकत, सगळं वहीत उतरवून घ्यायचे. "कागद सांगीन तेच मी लिहीन, माणसाच्या तोंडचं नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुनी मोडी त्यांच्याइतकी सफाईने वाचणारा आमच्याकडे दुसरा नव्हता. एक खोड मात्र होती. मोडी त्यांना मनातल्या मनात वाचताच येत नसे. ओळीखाली बोट धरून खड्या आवाजात वाचलं, तरच त्यांना अर्थ लागायचा. अशी गावोगावची कितीतरी गुपितं त्यांनी भरल्या ओट्यावर जाहीर केली. पुढे पुढे लोक त्यांना कागद दाखवण्याआधी दार लावून घेत.

आम्हाला वगळण्याचं कारण कागदावर नव्हतं, पंगतीत होतं. एकोणीसशे तीस साली माझी बहीण रुखमाबाई त्यांना दिली. नवरदेवाने पंगतीत रुसून घास खाली ठेवायचा, आणि सासऱ्याने काही कबूल केलं की मग जेवायचं, अशी आमच्याकडची रीत. कुणी अंगठी मागतं, कुणी गाय. भाऊजींची नजर आमच्या कोनाड्यातल्या लाल रुमालात बांधलेल्या जुन्या कागदांच्या दप्तरावर होती.

"मले ते दप्तर पाह्यजे," ते म्हणाले.

माझे वडील पुंजाजी कुणाला नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी हात जोडले. "जवाईबापू, गाय मांगा, घड्याळ मांगा. दप्तर नाई देत."

"काऊन?"

"नाई देत, मंजे नाई देत."

भाऊजींनी घड्याळ घेतलं आणि रागही घेतला. घड्याळ दोन वर्षांत बंद पडलं. राग चौतीस वर्षं बिनचूक चालला.

यात भरडली गेली माझी बहीण. हळदीकुंकवाला कुणीतरी विचारायचं, "तुमचं माहेर कोणतं हो?" ती आडपिंपळी म्हणाली की दुसरी लगेच म्हणायची, "पुस्तकात तर दिसलं नाई." चारचौघींत ती हसण्यावारी न्यायची आणि आमच्याकडे आली की चुलीपुढे बसून रडायची. "माय गेली, बाप गेला, अन् पुस्तकातबी माहेर नाई," म्हणायची. मला भाऊजींचा इतका संताप यायचा की त्यांच्या सायकलीची हवा मी दोनदा सोडली आहे. वय झाल्यावर सोडली आहे, हेही कबूल करतो.

चौसष्ट साली पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची ठरली. मलकापूरला हबीबभाईंच्या छापखान्यात जुळणी सुरू झाली. तिसरी आवृत्ती काही भाऊजींच्या हयातीत निघणार नव्हती, त्यामुळे बहिणीने आडपिंपळीचा विषय शेवटचा एकदा काढला. "कागद दाखव, लिहितो," भाऊजी म्हणाले. तिने वाद घातला नाही. तिने हबीबभाईंना परस्पर निरोप धाडला, की भाऊ, दोन पानं कोरी ठेवा. दुसरा निरोप मला आला, की दप्तर घेऊन बुलढाण्याला ये.

दप्तरात काय आहे, हे बापाने मरताना आम्हा दोघा भावंडांना सांगितलं होतं. वर हेही म्हणाला होता, "मी हाव तवरोक नाई. मंग रुखमा म्हणीन तसं."

बुलढाण्याला जिल्ह्यातल्या लेखक-इतिहासकारांचा मेळावा होता. प्रत्येकाने उठून आपल्या लेखनाची वाटचाल सांगायची. एका कवीने स्वतःची वाटचाल इतकी लांब सांगितली की दोन इतिहासकार खुर्चीतच झोपले. मग भाऊजी उठले आणि पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणापासून सुरू झाले. साखरखेर्ड्याच्या पोळ्यात मानाचा पहिला बैल त्यांचे पणजोबा उकंडराव यांचा, पांढराशुभ्र, तोरणाखालून सगळ्यांच्या आधी निघालेला. हे प्रकरण त्यांनी घरी इतक्यांदा वाचलं होतं की बहिणीला पाठ होतं. ते वाचताना ती नेहमी पदर तोंडाला लावायची. भाऊजींना वाटायचं, अभिमानाने.

भाषण संपल्यावर मी उठलो. "भाऊजी, साखरखेर्ड्याजवळचं एक गाव राह्यलं. काऊन?"

"त्या गावचा कागद नाई," ते मला न ओळखल्यासारखं करून म्हणाले.

मी जाऊन लाल रुमाल टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. त्यांनी घाईघाईने गाठ सोडली. वरचाच कागद उचलला, वरची ओळ वाळवीने खाल्लेली. बोट धरलं आणि सभा विसरून वाचायला लागले.

"...कबुली लिहून देतो ऐसीजे. पोळ्याचे आदले दिवशी आडपिंपळीचे गोठ्यातून पांढरा बैल सोडून नेला. शिंगे रंगवून, आपला म्हणोन, तोरणाखालून पहिला काढिला." लोक हसायला लागले. भाऊजीही रंगात आले. "पाह्यलं? असे चोर होते बरं आपल्याकडे! पुढे आयका. तोरण तुटताच बैल दोर तोडून आपले गावी परत गेला. आमची झूल त्याचे अंगावर राहिली, ती मागणार नाही. निशाणी नांगर. उकंडराव..."

बोट थांबलं.

"गावाचं नाव वाचा ना," मी म्हणालो.

"मौजे साखरखेर्डा," त्यांनी वाचलं. सभागृह असं हसलं की झोपलेले दोन्ही इतिहासकार जागे झाले. पण भाऊजींनी कागद खाली ठेवला नाही. खाली आणखी एक ओळ होती. तीही त्यांनी मोठ्यानेच वाचली. "हा कागद उकंडरावाचे लेकरांबाळांस दाखवू नये, त्यांस खाली पाहावे लागेल, असा शब्द आडपिंपळीकरांनी दिला असे."

हसणं थांबलं. भाऊजी खुर्चीत बसले. "मामाजींनी... याच्यापायी नाई म्हटलं?"

"हाव," बायकांच्या रांगेतून बहीण उठून म्हणाली. "तुमी इतकी वर्सं रुसून राह्यले, अन् माह्या बापानं मरेपरयंत तुमची इज्जत राखली."

व्यासपीठावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पण बाई, मग आज तो शब्द मोडलाच ना?"

"आमी कुठं दाखवला?" बहीण म्हणाली. "त्यायनं सोताच वाचला."

मला त्या वेळी हसायला यायला हवं होतं. आलं नाही. घास खाली ठेवलेल्या जावयापुढे हात जोडून उभा असलेला माझा बाप डोळ्यांपुढे आला आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आवृत्ती दिवाळीनंतर निघाली. उकंडरावांचं पहिलं प्रकरण भाऊजींनी काढलं नाही, कबुलीजबाब शब्दन् शब्द त्यात घातला. कोऱ्या दोन पानांवर आडपिंपळी आली, ओढ्यासकट. बहिणीला वाचता येत नव्हतं, म्हणून पहिली प्रत घेऊन दोघं आमच्याकडे आले आणि आमच्या ओट्यावर बसून भाऊजींनी बोट धरून वाचलं. शेवटची ओळ अशी होती: 'पहिल्या आवृत्तीत हे गाव राहून गेले, कारण लेखक रुसला होता.'

"पुन्ना वाचा," बहीण म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"जरा मोठ्यानं. शेजारच्या सोजराबाईले आयकू गेलं नाई."