तिसऱ्या चढाईला कोण जाणार

थेरगावातल्या आमच्या महिला कबड्डी संघाला गेल्या दोन वर्षांत हरायची इतकी सवय झाली होती, की शिट्टी वाजली की मुली आधी बॅगा आवरायच्या आणि मग सावकाश गुणफलकाकडे बघायच्या. अशा संघात सतरा वर्षांची एक नवी मुलगी घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्यावरून आम्ही तिघं महिनाभर भांडलो. तिघं म्हणजे संघाचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात, आमची कप्तान, आणि मी. मी निगडीच्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे मैदानावरही 'बाई'च. एके काळी मी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. आता मुली निवडायला मदत करणं, त्यांच्या आयांची समजूत घालणं आणि बर्फाची पिशवी सांभाळणं ही माझी कामं.

कोपऱ्यात खेळणारीला टाळ्या कमी मिळतात. लोक बघतात ते चढाई करणाऱ्या रेडरला. ती एकटी पलीकडे जाते, श्वास कोंडून, सात जणींच्या मध्ये. पण ती पकडली गेली आणि बाहेर बसली, की तिला पुन्हा आत आणायचं असतं ते मागे राहिलेल्यांनी. समोरची रेडर धरली, की आपली एक आत येते. आमचं नेमकं तिथेच बोंबललं होतं. उजव्या कोपऱ्यातली लग्न होऊन नाशिककडे गेली. डाव्या कोपऱ्यातली चाकणच्या कंपनीत लागली आणि तिची शिफ्ट आमच्या सरावाच्या वेळेशी कधी जुळलीच नाही. उरलेल्या मुली डांगे चौकातल्या हॉर्नच्या कल्लोळात सराव करायच्या आणि पकडीच्या वेळी एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या.

सरांचा उपाय ठरलेला होता. "बाई, एक तगडी रेडर आणू. बाकी सगळं आपोआप सुधारतं."

"सर, आपल्याला कोपरे नाहीत आणि तुम्ही रेडर आणताय. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी."

"तुम्ही पहिल्यापासून कोपऱ्यातल्या ना, म्हणून तुम्हाला कोपरेच दिसतात," असं म्हणून ते हसले. सरांचा आशावाद कधी आजारीसुद्धा पडत नाही. मला अशा माणसांचा राग येतो, आणि त्यांच्यावाचून संघ चालत नाही हेही कळतं.

पण माझा खरा विरोध वेगळ्याच गोष्टीला होता. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीला गुण आणावाच लागतो. नाही आणला तर रेडर बाद. समोरच्या संघालाही हे माहीत असतं, म्हणून त्या तिसऱ्या चढाईला सगळ्या दबा धरून असतात. आमच्याकडे काय व्हायचं, की जुन्या रेडर दोन चढायांना रेषेजवळ पाय आपटून परत यायच्या आणि तिसऱ्या चढाईला सगळ्यात लहान मुलीला पुढे ढकलायच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. घरात सगळ्यात धाकट्या सुनेच्या वाट्याला जशी कामं येतात, तसं ते आपसूक व्हायचं.

हिच्याआधी संघात घेतलेली मुलगी याच रीतीत वाया गेली. अठराव्या वर्षी आली, हरणीसारखी पळायची. दोन मोसमांत तिचा गुडघा संपला. हिंजवडीत एका कंपनीच्या गाड्यांच्या वेळा लावायच्या डेस्कवर ती आता बसते. मध्यंतरी भेटायला गेले तर जिना उतरताना तिने कठडा धरला, आणि माझ्याकडे बघून आधी तीच हसली. त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो.

तर ही नवी मुलगी बघायला सर आणि मी चाकणच्या पलीकडे एका गावात गेलो. देवळामागे मातीचं मैदान, एका बाजूला कुणाच्या तरी कंपनीची पत्र्याची भिंत. मुलगी चढाईला निघाली आणि मी बोलायचं थांबले. ती घाईच करत नव्हती. डाव्या कोपऱ्याकडे नुसतं बघायची, कोपरा सावध होऊन अर्धं पाऊल मागे सरला की उजवीकडून हात लावून परत. मी इतकी वर्षं तो कोपरा सांभाळला. मलाही तिने असंच फसवलं असतं, हे मला उभ्या उभ्या कळलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

तिचे वडील पहिल्या शिफ्टवरून आले होते. थोडी शेती, बाकी कंपनी. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

"बाई, आमची ना न्हाई," ते म्हणाले. "खेळातनं नोकरी लागती म्हंत्यात, व्हय का?"

"लागते कुणाकुणाला."

"तिची आजी म्हणती, बारावी झाली का लगीन उरकून टाका. मी थांबवलंय. पण पोरगी मोडून तर येणार न्हाई ना? तेवढं तुमी सांगा. ह्या सरांचं न्हाई, तुमचं ऐकायचंय मला."

सर चहाच्या कपात बघत राहिले. मी म्हटलं, "बघू." शिक्षकी पेशात हा शब्द फार कामी येतो, आणि तो बोलताना मला नेहमी लाज वाटते.

मुलगी आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. सर गाडी काढायला पुढे गेले तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आमची पकड कशी पोकळ आहे, तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवतात, आधीच्या मुलीचं काय झालं. तिला घाबरवायचंच होतं मला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्या ताई म्हाईत हायेत मला," मग ती म्हणाली. "मोबाईलवर त्यांच्या रेड बघून तर शिकले मी."

"मग तरी?"

"बाई, चांगल्या संघांकडं पोरी हायेत. त्ये कशाला इकडं येत्यात? आमच्या दारात हरणारेच येणार. तुमी न्हाई म्हणलात तर दुसरं कोण येणार हाय, सांगा की."

वर्गात मी चाळीस मुलांना गप्प करते, आणि या पोरीने मला रस्त्याच्या कडेला गप्प केलं.

परतताना भोसरीच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा मी सरांना म्हटलं, घेऊ. पण एका अटीवर. हे वर्ष तिला तिसरी चढाई द्यायची नाही. ती कप्तानने घ्यायची. दुसऱ्या दिवशी सरावाला कप्तानला विचारलं. ती तिशी ओलांडलेली, दिवसभर हिंजवडीत नोकरी करून, ट्रॅफिकमध्ये पिचून मैदानावर येणारी. खांदा कायम दुखरा. क्षणभर तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "म्हणजे मी मोडले तर चालेल," ती म्हणाली. मग बुटाची नाडी बांधत म्हणाली, "घेते, बाई. कुणीतरी घ्यायला पाहिजे."

तिने शब्द पाळला. सामन्यामागून सामना ती तिसऱ्या चढाईला जायची, पकडली जायची, बाहेर येऊन माझ्या शेजारी बसायची. मी तिच्या खांद्यावर बर्फ धरायचे. नवी मुलगी सोप्या चढायांना जाऊन गुण आणत होती, शिकत होती. आम्ही हरतच होतो, पण आता थोडक्यात. सर कुरकुरायचे, "बाई, ही तिसऱ्याला गेली असती तर आपण जिंकलो असतो." मी त्यांना वाकडं उत्तर द्यायचे. मनात मात्र मलाही तेच वाटत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मोसमाचा शेवटचा सामना निगडीत होता. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता. तिथल्या खेळाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, म्हणजे मुलीच्या नोकरीची वाटही तिथेच बुजणार. ती घरी सांगून आली होती की हा सामना बघायला नोकरीसाठी खेळाडू निवडणारे लोक येणार आहेत. तिचे वडील शिफ्ट संपवून थेट आले होते, हेल्मेट हातात घेऊन कडेला उभे होते.

थोडी मिनिटं उरली असताना आम्ही दोन गुणांनी मागे होतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या. कप्तान रेषेकडे निघाली, आणि थांबली. तिने बाकाकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. अट माझी होती, म्हणून मोडायची तर ती मीच.

मुलगी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती समोरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होती. मीही बघितलं. तो कोपरा दमला होता, टाच टेकवून उभा होता. ही मुलगी तिथून निघेल, हे मला दिसलं. इतक्या वर्षांत मला खेळातलं एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. माझा हात वर गेला आणि नव्या मुलीकडे वळला. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती.

ती गेली. दोघींना शिवली, तिसरीने घोटा धरला, चौथी अंगावर पडली. तिने सगळ्यांना ओढत मधली रेषा गाठली आणि बोटं टेकवली. बाकावरून उठून सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मी होते. तिचा गुडघा वळलेला मी बघितला होता, आणि तरी ओरडत होते.

त्या एका चढाईचे चार गुण आले, आणि आम्ही जिंकलो. सरांनी कोणाला तरी पेढे आणायला पिटाळलं. कप्तानने बर्फाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मुलीचा पाय मांडीवर घेऊन मी बसले होते.

"फार न्हाई लागलं, बाई," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मी जिन्यात बघितलं होतं.

वडील येऊन उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. "तुमी हाय ना तिच्याबरोबर," ते म्हणाले, "मला आता कसली काळजी न्हाई." आणि पेढा घ्यायला सरांकडे गेले.

ते लांब गेल्यावर मुलगी वाकून हळूच म्हणाली, "बाई, म्होरल्या वेळी बी तिसऱ्याला मलाच पाठवणार ना?"

गुडघ्यावर सूज चढायला लागली होती. मी बर्फ जरा वर सरकवला आणि हो म्हणाले.